उथळ तळ्यातील प्राणिप्लवकांचे ऋतुचक्र: वर्षभराच्या निरीक्षणाची पद्धत

उथळ तळ्याचे पाणी काचेच्या बाटलीत घेऊन उजेडासमोर धरले, की थोड्याच वेळात त्यात हालचाल दिसू लागते. झटके देत वर चढणारे आणि पुन्हा संथपणे खाली उतरणारे फिकट ठिपके म्हणजे डॅफ्निया, म्हणजेच पाणपिसू. एकदम उडी मारून जागच्या जागी थबकणारे ते कोपेपॉड. नुसत्या डोळ्यांना धुळीच्या कणांसारखे वाटणारे, पण सूक्ष्मदर्शकाखाली डोक्यावरचे केसांचे चक्र फिरवत पुढे सरकणारे ते रोटिफर. या साऱ्यांना मिळून प्राणिप्लवक म्हणतात. तीच बाटली दीड महिन्यानंतर त्याच जागी पुन्हा भरली, तर आधीच्यांपैकी बरेच प्राणी तिच्यात सापडत नाहीत आणि आधी औषधालाही न मिळालेले प्राणी शेकड्यांनी मिळतात.

हा बदल माणसाच्या नजरेला येऊन साडेतीनशे वर्षे झाली. स्वतः बनवलेल्या भिंगांतून सूक्ष्म जीव पाहणारे डच निरीक्षक आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी सप्टेंबर १६७४ मध्ये लिहिलेल्या पत्रात नेदरलँड्समधील डेल्फ्टजवळच्या बर्केल्स मीर या दलदलीच्या तळाच्या तळ्याचे वर्णन आहे. त्याचे पाणी हिवाळ्यात अगदी स्वच्छ असते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला किंवा मध्यावर ते पांढुरके होते आणि त्यात हिरवे ढग तरंगू लागतात, असे ते सांगतात. आणि ते पाणी भिंगाखाली धरल्यावर दिसलेल्या इवल्याशा प्राण्यांबद्दलही लिहितात. पाणी कधी गढूळ होते आणि कधी निवळते, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या इवल्या प्राण्यांपाशी आहे, हे मात्र पुढच्या काळात उलगडत गेले.

असे निरीक्षण स्वतः वर्षभर करू इच्छिणाऱ्यासाठी हा लेख आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. एखाद्या प्राण्याची संख्या घटली, तर त्याची तीन वेगवेगळी कारणे असू शकतात: त्याला अन्न मिळेनासे झाले, त्याला कोणी खाल्ले, किंवा तो सुप्तावस्थेत जाऊन तळाच्या गाळात उतरला. नुसते आकडे या तिन्ही बाबतींत सारखेच दिसतात. म्हणून पाण्यातले प्राणी मोजण्याबरोबरच त्यांची अंडी मोजणे, त्यांची लांबी मोजणे आणि गाळात डोकावणे या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून केल्या पाहिजेत. मागाहून त्या भरून काढता येत नाहीत.

उथळ तळ्याचे वेगळेपण

ज्या तळ्याची सरासरी खोली साधारण तीन मीटरपेक्षा कमी असते, त्याला सामान्यतः उथळ म्हटले जाते. पण मीटरपेक्षा महत्त्वाचे आहे ते त्याचे वागणे. खोल सरोवरात उन्हाळ्यात वरचे कोमट पाणी आणि खालचे थंड पाणी यांचे थर पडतात आणि ते महिनोन्‌महिने टिकतात. उथळ तळ्यात असा थर सकाळी पडला, तरी संध्याकाळच्या वाऱ्याने मोडतो. त्यामुळे तळाच्या गाळातील पोषक द्रव्ये वारंवार पाण्यात मिसळतात, गाळातली सुप्त अंडी उजेडात येतात आणि डॅफ्नियाला दिवसा माशांपासून लपण्यासाठी खालचा काळोखी थर उरत नाही. खोल पाण्यातील डॅफ्निया दिवसा खाली आणि रात्री वर अशी ये-जा करते. उथळ पाण्यात तीच ये-जा आडवी होते. दिवसा पाणवनस्पतींच्या दाटीत आणि रात्री मोकळ्या पाण्यात, असा तिचा क्रम असतो. उष्ण प्रदेशांत हा आसरा बऱ्याचदा फसवा ठरतो, कारण तेथे लहान मासेही त्याच वनस्पतींत दडलेले असतात.

याचा परिणाम असा, की एकाच हवामानातील दोन उथळ तळी, एक पाणवनस्पतींनी भरलेले आणि दुसरे वनस्पतीविना हिरव्या पाण्याचे, वर्षभरात अगदी वेगळे ऋतुचक्र दाखवू शकतात. निरीक्षणाच्या वहीत पहिल्या पानावर वनस्पती किती आणि कोठे आहेत याचा नकाशा काढावा आणि दर ऋतूत तो नव्याने काढावा.

काय अपेक्षित आहे, याचा ढोबळ आराखडा

नमुने गोळा करण्याआधी वर्षाचा साधारण क्रम मनाशी असावा. तसा तो नसेल, तर नेमक्या कोणत्या आठवड्यांत जास्त वेळा पाणी घ्यायचे हे कळत नाही. प्लँक्टन इकॉलॉजी ग्रुप या अभ्यासगटाने १९८६ मध्ये समशीतोष्ण सरोवरांतील हा क्रम २४ विधानांत मांडला आणि २०१२ मध्ये त्यात हिवाळ्यातील जीवन, मासे, परजीवी व सूक्ष्मजीवांचे अन्नजाळे यांची भर घातली गेली. त्याचा गाभा असा आहे. हिवाळ्याच्या अखेरीस उजेड वाढतो, तशी सूक्ष्म शैवले वाढतात. त्यांच्यावर आधी रोटिफर आणि लहान प्राणी वाढतात, कारण त्यांची पिढी काही दिवसांतच पुरी होते. मागून डॅफ्निया येते. डॅफ्निया सावकाश वाढते, पण एकदा वाढली की पाणी गाळून काढते. दोन मिलिमीटर लांबीची एक डॅफ्निया अनुकूल तापमानाला दिवसभरात साधारण २० ते ३० मिलिलिटर पाणी गाळू शकते, म्हणजे लिटरमागे अशा वीस डॅफ्निया असल्या तर निम्मे पाणी एका दिवसात त्यांच्या गाळणीतून जाते. मग वसंताच्या अखेरीस पाणी एकाएकी नितळ होते. या अवस्थेला निवळ पाण्याचा काळ म्हणतात आणि तो काही आठवडेच टिकतो. त्यानंतर अन्न संपते, त्याच सुमारास माशांची नवी पिल्ले भुकेली हिंडू लागतात आणि डॅफ्निया कोसळते. भर उन्हाळ्यात बोस्मिना, सेरिओडॅफ्निया यांसारख्या लहान पाणपिसवा आणि पुन्हा रोटिफर यांचे राज्य असते. शैवलेही आता खायला अवघड अशी, तंतूंची किंवा चिकट गोळ्यांची असतात. शरदात मोठ्या प्राण्यांची संख्या काहीशी सावरते आणि मग सुप्त अंडी घालून ते वर्ष आवरते घेतात.

हा आराखडा मुख्यतः खोल, थर पडणाऱ्या सरोवरांवरून घडलेला आहे, हे विसरू नये. पाणवनस्पतींनी भरलेल्या उथळ तळ्यात निवळ पाण्याचा काळ संपूर्ण उन्हाळाभर लांबू शकतो, तर माशांनी गजबजलेल्या गढूळ तळ्यात तो कधी उजाडतच नाही.

उष्ण कटिबंधात घड्याळच वेगळे असते. तेथे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. तळ्याचे ऋतू पाण्याची पातळी ठरवते. पावसाच्या पहिल्या लोंढ्याने पाणी गढूळ होते, प्राणी विरळ होतात, काही वाहून जातात. पण त्याच वेळी कोरड्या पडलेल्या काठाचा गाळ भिजतो आणि त्यातली सुप्त अंडी फुटू लागतात. पाऊस ओसरून गाळ खाली बसला की संख्या वाढते, आणि पुढे पाणी आटत जाते तसे तेवढेच प्राणी कमी पाण्यात दाटतात. शेवटच्या टप्प्यात दिसणारी वाढ ही खरी वाढ आहे की नुसते आटणे आहे, हे पातळीची नोंद नसेल तर सांगता येत नाही. मासे येथे बहुधा वर्षभर वितात, म्हणून मोठ्या आकाराची डॅफ्निया क्वचित दिसते. डायाफॅनोसोमा, मोइना, सेरिओडॅफ्निया या पाणपिसवा, सायक्लॉप्स गटातील मेसोसायक्लॉप्स व थर्मोसायक्लॉप्स हे कोपेपॉड, आणि ब्रॅकिओनस, केरॅटेला, फिलिनिया हे रोटिफर यांचीच गाठ जास्त पडते.

जागा, दिवस आणि वेळ ठरवणे

एका तळ्यासाठी किमान तीन जागा निश्चित कराव्यात: मोकळ्या पाण्याचा मध्य, वनस्पतींची कड आणि वनस्पतींच्या आतील भाग. प्रत्येक जागा काठावरच्या दोन ठळक खुणांच्या रेषेने बांधून घ्यावी, म्हणजे वर्षभर तीच जागा सापडते. नमुने नेहमी दिवसाच्या एकाच वेळी घ्यावेत, कारण सकाळी सात आणि दुपारी बारा यांमधला फरक कित्येकदा दोन महिन्यांमधल्या फरकाहून मोठा असतो. प्रत्येक ऋतूत एकदा तरी रात्रीचा नमुना घ्यावा. दिवसा मोकळ्या पाण्यात डॅफ्निया नाही म्हणून ती तळ्यातच नाही, असा निष्कर्ष त्यामुळे टळतो.

किती दिवसांनी जायचे, याचे उत्तर प्राण्यांच्या वाढीच्या वेगात आहे. उबदार पाण्यात रोटिफरची संख्या दोन-तीन दिवसांत दुप्पट होऊ शकते; २० अंश सेल्सिअसला डॅफ्निया जन्मापासून साधारण आठवडा-दहा दिवसांत स्वतः अंडी धरते. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला रोटिफरचा आख्खा बहर येऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पाणी गार असताना महिन्यातून एकदा, आणि वसंतात किंवा पावसानंतर पाणी स्थिरावू लागले की दर आठवड्याला, असा क्रम ठेवावा. वर्षभर पंधरवड्याने जाण्यापेक्षा मोक्याचे दोन महिने दर आठवड्याला जाणे माझ्या मते अधिक फलदायी आहे.

प्रत्येक भेटीत पाण्याची खोली, पृष्ठभागाचे आणि तळाजवळचे तापमान, सेची तबकडीने (पाण्यात सोडलेली ही तबकडी ज्या खोलीवर दिसेनाशी होते, ती खोली मोजून) पारदर्शकता, आदल्या दोन दिवसांचा वारा व पाऊस यांची नोंद करावी. शक्य असेल तर पहाटेचा विरघळलेला प्राणवायू मोजावा. वाऱ्यानंतरची पारदर्शकता गाळामुळे कमी झालेली असते, शैवलामुळे नव्हे; ही एक नोंद सुटली, तर पुढचा सारा अर्थ चुकतो.

पाणी घेणे

खोल सरोवरात प्लवकजाळी तळापर्यंत सोडून वर ओढतात. मीटर-दीड मीटर पाण्यात ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण जाळीची उंचीच पाण्याइतकी असते आणि ती तळाला टेकली की गाळ उसळतो. त्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा सरळ नळ वापरावा. आतला व्यास ६ सेंटिमीटर असलेला नळ एक मीटर पाण्यात उभा सोडला, की त्यात सुमारे २.८ लिटर पाणी येते. नळ झटकन आणि सरळ सोडावा, वरचे तोंड बुचाने घट्ट बंद करावे, वर उचलताना खालचे तोंड पाण्याबाहेर येण्याआधी तळहाताने झाकावे आणि पाणी बादलीत ओतावे. तळापासून वीतभर अंतर राखावे. नळ सावकाश सोडला, तर कोपेपॉड पाण्याची हालचाल ओळखून बाजूला सटकतात आणि नमुन्यात खोटी घट दिसते.

होडीच्या भोवती चार-पाच मीटरच्या टप्प्यात असे दहा नळ घ्यावेत, कारण प्राणिप्लवक पाण्यात सारखे पसरलेले नसतात. ते थव्यांनी, पट्ट्यांनी राहतात. दहा नळांचे मिळून सुमारे २८ लिटर पाणी ५० ते ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या जाळीतून गाळावे. १५० मायक्रॉनची जाळी लवकर भरत नाही म्हणून सोयीची वाटते, पण तिच्यातून बहुतेक रोटिफर आणि कोपेपॉडची लहान पिल्ले निसटतात आणि मग वर्षाच्या सुरुवातीचा अर्धा क्रम हातातून जातो. अगदी लहान, मऊ शरीराचे रोटिफर आणि एकपेशीय सिलिएट यांच्यासाठी न गाळलेले पाव लिटर पाणी वेगळ्या बाटलीत घेऊन त्यात फिकट चहाचा रंग येईपर्यंत ल्युगॉलचे आयोडीन घालावे.

उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शैवलाच्या गोळ्यांनी जाळी काही लिटरमध्येच तुंबते. अशा वेळी पाणी जाळीच्या काठावरून सांडू देऊ नये. कमी पाणी गाळावे आणि जेवढे गाळले तेवढाच आकडा लिहावा. अशा पाण्यात शैवलविषे असू शकतात, तेव्हा हातमोजे घालावेत. वनस्पतींच्या आत मात्र नळ सोडण्याआधी फांद्या हलवू नयेत. तेथे कायडोरस, अलोना, सिमोसेफॅलस अशा पाना-देठांना धरून राहणाऱ्या पाणपिसवा असतात आणि धक्का लागताच त्या सुटून पाण्यात येतात.

नमुना टिकवणे

सगळ्यात जास्त नुकसान या पायरीवर होते. मी स्वतः पहिल्या वर्षीचे नमुने साध्या फॉर्मॅलिनमध्ये टाकले होते. काही आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर डॅफ्नियांची कवचे फुगून उघडली होती आणि पाठीतल्या पिशवीतली अंडी बाटलीच्या तळाशी विखुरली होती. कोणते अंडे कोणत्या मादीचे, किंबहुना कोणत्या जातीचे, हे सांगणे अशक्य झाले. संख्या मिळाली, पण जन्मदर कायमचा गेला.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. फॉर्मॅलिनचे अंतिम प्रमाण ४ टक्के राहील असे द्रावण करून त्यात लिटरमागे ४० ग्रॅम साखर विरघळवावी आणि ते थंड करून वापरावे. त्यामुळे कवच फुगत नाही व अंडी जागेवर राहतात. त्याआधी गाळलेल्या नमुन्यात थोडे सोड्याचे वायुयुक्त पाणी घालावे. कर्बवायूने प्राणी गुंगतात, आखडून गोळा होत नाहीत आणि धडपडीत अंडीही गळत नाहीत. फॉर्मॅलिनची वाफ घातक आहे, म्हणून हे काम हवेशीर जागी आणि हातमोजे घालूनच करावे. ते शक्य नसेल, तर ७० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे इथिल अल्कोहोल वापरावे. बाटलीच्या आत पेन्सिलने लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाकावी, कारण बाहेरची शाई अल्कोहोलने पुसली जाते.

थोडासा नमुना जिवंतच घरी न्यावा. रोटिफरच्या कित्येक जाती मेल्यावर आकसतात आणि ओळखू येत नाहीत. पोहण्याची पद्धत हीच त्यांची मुख्य खूण असते. पॉलिआर्थ्रा आपल्या चपट्या पात्यांनी एकदम उडी घेते, फिलिनिया लांब काटे उघडत-मिटत झटके देते. हे एकदा पाहिले की विसरत नाही.

ओळख

पहिल्याच महिन्यात प्रत्येक प्राण्याचे जातीपर्यंतचे नाव लावण्याचा हट्ट धरू नये. सुरुवातीला पुढील भेद पुरेसे आहेत: रोटिफर प्रजातीपर्यंत म्हणजे केरॅटेला, ब्रॅकिओनस असे, पाणपिसवा मोठ्या व लहान, कोपेपॉडमध्ये लांब शिंगांचे डायप्टोमिड आणि आखूड शिंगांचे सायक्लॉप्स, आणि त्यांची नॉप्लियस पिल्ले वेगळी. कोपेपॉड नॉप्लियसच्या सहा अवस्थांमधून आणि त्यानंतर कोपेपोडाइडच्या, म्हणजे प्रौढासारख्या दिसणाऱ्या किशोरवयाच्या, अवस्थांमधून प्रौढ होतो, म्हणून नॉप्लियसचा बहर आधी आणि प्रौढांचा मागाहून दिसला पाहिजे. नॉप्लियस भरपूर आणि प्रौढ मात्र कधीच नाहीत, असे दिसले तर मधल्या वयात त्यांना कोणीतरी खात आहे, हे समजावे. हा शिकारी बऱ्याचदा प्रौढ सायक्लॉप्सच असतो.

ओळखताना आकारातील बदलांनी गोंधळून जाऊ नये. एकाच जातीचा प्राणी ऋतूप्रमाणे निराळा दिसतो. ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस या रोटिफरचा शिकारी ॲस्प्लँक्ना पाण्यात असेल, तर त्याने सोडलेल्या रसायनाचा सुगावा आईला लागतो आणि तिची पिल्ले लांब काटे घेऊनच जन्मतात. असे काटेरी पिल्लू ॲस्प्लँक्नाला गिळता येत नाही. डॅफ्नियाच्या डोक्यावर उन्हाळ्यात येणारे टोकदार शिरस्त्राण आणि मानेवरचे बारीक दातही असेच शिकाऱ्याच्या वासाने उमटतात. म्हणून काट्याची आणि शिरस्त्राणाची लांबी ही नवी जात सापडल्याची खूण न मानता, शिकारी हजर झाल्याची नोंद म्हणून लिहावी.

मोजणी

गाळलेला नमुना ठरावीक आकारमानापर्यंत आणावा. समजा २८ लिटर पाणी गाळून ५६ मिलिलिटर नमुना केला. बाटली हळुवार उलटसुलट करून रुंद तोंडाच्या नळीने १ मिलिलिटर घ्यावे आणि सेजविक-राफ्टर कक्षात ठेवावे. हा कक्ष ५० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर खोल, म्हणजे बरोबर १ मिलिलिटरचा असतो. असे तीन कक्ष मोजून एखाद्या रोटिफरची सरासरी ३६ आली, तर ३६ ला ५६ ने गुणून २८ ने भागावे. लिटरमागे ७२ हे उत्तर मिळते. मोठ्या डॅफ्निया आणि प्रौढ कोपेपॉड विरळ असतात आणि या कक्षात दाबलेही जातात, म्हणून त्यांच्यासाठी उरलेला संपूर्ण नमुना उथळ ताटलीत ओतून मोजावा.

किती मोजायचे, याचा अंदाज सोपा आहे. हलवलेल्या नमुन्यात प्राणी गट न करता कसेही पसरलेले असतील, तर १०० प्राणी मोजल्यावर अनिश्चितता सुमारे २० टक्के राहते. ४०० मोजल्यावर ती १० टक्क्यांवर येते. प्रमुख जातींचे किमान शंभर प्राणी मोजून व्हावेत आणि दुर्मीळ जातींचा नुसता उल्लेख करावा.

अंडी मोजून मृत्यू काढणे

आता या साऱ्या खटाटोपाचा मुख्य भाग येतो. पाणपिसवा आणि बरेच रोटिफर वर्षाचा मोठा काळ नराविना वितात व अंडी अंगावरच वागवतात. डॅफ्नियाच्या पाठीतून ती आरपार दिसतात. ब्रॅकिओनसच्या मागच्या टोकाला ती चिकटलेली असतात. त्यामुळे अंडी फुटायला लागणारा काळ माहीत असेल, तर रोजचा जन्मदर नुसत्या मोजणीतून काढता येतो. संशोधक एडमंडसन यांनी रोटिफरसाठी वापरात आणलेल्या या पद्धतीला पुढे पालोहाइमो या संशोधकांनी १९७४ मध्ये सोपे सूत्र दिले. सगळी अंडी भागिले सगळे प्राणी हे गुणोत्तर काढावे, त्यात १ मिळवावा, बेरजेचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यावा आणि त्याला अंडी फुटण्याच्या दिवसांनी भागावे. डॅफ्नियाचा हा काळ २० अंश सेल्सिअसला सुमारे २.७ दिवस, तर १० अंशांना सुमारे ८ दिवस असतो. म्हणूनच तापमानाची नोंद टाळता येत नाही.

उदाहरणादाखल, समजा २० अंशांच्या पाण्यात १५० डॅफ्निया मोजल्या आणि त्यांच्या अंगावर ९० अंडी होती. गुणोत्तर ०.६, १.६ चा लॉगरिदम ०.४७, भागिले २.७ म्हणजे रोजचा जन्मदर ०.१७४. आता त्याच आठवड्यात संख्या लिटरमागे ३० वरून १५ वर आली असे धरू. निम्मे होण्याचा लॉगरिदम उणे ०.६९३, त्याला ७ ने भागल्यावर रोजचा प्रत्यक्ष बदल उणे ०.०९९ येतो. जन्मदरातून हा बदल वजा केला, की मृत्युदर ०.२७३ मिळतो, म्हणजे दररोज साधारण चोवीस टक्के डॅफ्निया नाहीशा होत होत्या. आया धष्टपुष्ट होत्या, अंडी भरपूर होती आणि तरीही संख्या घसरली. याचा अर्थ त्यांना कोणीतरी खात होते.

हेच आकडे ठेवून अंडी ९० ऐवजी फक्त ६ होती असे समजले, तर जन्मदर जेमतेम ०.०१५ उरतो. आता घसरण घडवण्यासाठी कोणा मोठ्या शिकाऱ्याची गरज नाही. जन्मच थांबले आहेत. अशा माद्या भिंगाखाली पाहिल्या तर त्यांच्या शरीरात तेलाचे पिवळसर थेंब दिसत नाहीत आणि आतडे फिकट असते. ही उपासमार आहे. निवळ पाण्याच्या काळाच्या अखेरीस दोन्ही कारणे पाठोपाठ येतात, आणि कोणते आधी आले हे दर आठवड्याच्या अंड्यांवरूनच समजते.

या गणितात एक गृहीतक आहे: आठवड्याभरात अंड्यांचे वय आणि तापमान फार बदललेले नाही. मृत्युदर उणे आला, तर प्राणी कोठून उपजले असे न समजता नमुन्याची चूक किंवा गाळातून झालेले आगमन शोधावे.

लांबी मोजणे

दर खेपेस किमान तीस डॅफ्नियांची लांबी, डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या काट्याच्या मुळापर्यंत, मोजावी. ब्रूक्स आणि डॉडसन या संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की नजरेने शिकार करणारे मासे मोठे प्राणिप्लवक वेचून संपवतात आणि मग लहानांना मोकळीक मिळते. सरासरी लांबी घटत असेल आणि अंड्यांचे गुणोत्तर चांगले असेल, तर मासे हेच कारण जवळजवळ नक्की. उलट लहान प्राणी नाहीसे होऊन मोठेच उरत असतील, तर सायक्लॉप्स किंवा कॅओबोरस या डासासारख्या माशीच्या पारदर्शक अळीकडे पाहावे.

गाळ पाहणे

पाण्यातून नाहीशा झालेल्या प्राण्यांचा शेवटचा पत्ता तळाशी असतो. दिवस लहान होऊ लागले, गर्दी वाढली किंवा अन्न घटले, की डॅफ्निया नर पिल्ले काढते आणि मग माद्यांच्या पाठीवर घोड्याच्या खोगिरासारखे काळपट कवच तयार होते. त्यात बहुधा दोन सुप्त अंडी असतात. वाऱ्याच्या दिवशी वारा जिकडे लोटतो त्या काठाला ही खोगिरे फेसाबरोबर काळ्या मिरपुडीसारखी जमा होतात. ती दिसली, की त्या दिवसाची तारीख वहीत ठळक लिहावी. ब्रॅकिओनसमध्ये अंड्यांचे तीन प्रकार डोळ्यांनी वेगळे करता येतात: मोठे पातळ कवचाचे साधे अंडे, लहान नर-अंडे आणि गडद, जाड कवचाचे सुप्त अंडे. लहान नर-अंडी दिसू लागली, की हा बहर आता ओसरणार हे आकडा घसरण्याआधीच ओळखता येते. काही सायक्लॉप्स तर अंडे न घालता स्वतःच अर्धवट वाढलेल्या अवस्थेत गाळात निजून राहतात.

प्रत्येक ऋतूच्या आरंभी गाळाचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर नळाने काढावा आणि अंधारात, थंड जागी ठेवावा. त्यातील चमचाभर गाळ काचेच्या बशीत पसरून त्यावर बारीक जाळीतून गाळलेले तळ्याचेच पाणी दोन बोटे ओतावे आणि बशी १५ ते २० अंश तापमानाला, उजेडात ठेवावी. गाळ ढवळू नये. रोज सकाळी त्याच वेळी पाणी हलकेच ओतून घेऊन त्यातले प्राणी मोजावेत व नवे गाळीव पाणी घालावे. रोटिफर बहुधा पहिल्या काही दिवसांत बाहेर येतात, डॅफ्नियाला आठवडा-दोन आठवडे लागतात. काही अंडी मात्र हलतही नाहीत. कोपेपॉडची तीनशेहून अधिक वर्षे गाळात राहिलेली अंडीही फुटल्याची नोंद आहे, तेव्हा न फुटलेले अंडे मेलेले आहे असे धरू नये.

बशीत पहिले पिल्लू दिसल्याची तारीख आणि तीच जात तळ्याच्या पाण्यात पहिल्यांदा सापडल्याची तारीख एकाच ओळीत लिहावी. बशीत ती फुटते आणि तळ्यात मात्र दिसत नाही, असे दोन ऋतू घडले, तर गाळात बीज आहे पण पाण्यात त्याला जगू दिले जात नाही. आणि मग पुन्हा अंड्यांच्या व लांबीच्या रकान्यांकडे वळून ते कोण करते आहे, हे शोधावे.